पिठ्याचं जावळ

आत्या, आपलं भांडण अर्धं राहिलंय. तू असं मधूनच उठून जाशील असं वाटलं नव्हतं. म्हणजे मधूनच उठायची सवय तुला होतीच. माझा मुद्दा अडचणीचा व्हायला लागला की तू उठायचीस, गिरणीचा खटका वर करायचीस, मोटर धडधडायला लागायची आणि माझं पुढचं बोलणं त्या आवाजात बुडून जायचं. मी हातवारे करत उभा आणि तू कुणाच्यातरी डब्यातली ज्वारी ओतत माझ्याकडं बघून मान हलवायचीस, जणू शब्द न् शब्द ऐकू येतोय. विमा एजंट म्हणून मी या तालुक्यात भल्याभल्यांना गप्प केलंय. त्या मोटरपुढं मात्र माझं कधी काही चाललं नाही.

या वेळी उलटं झालं. तू खटका खाली केलास, गिरणी थांबली आणि दारातल्या खुर्चीत बसल्या बसल्या तू गेलीस. भर दुपारी. समोरच्या किराणा दुकानातल्यांना वाटलं, आत्याचा डोळा लागला. पायाशी बसलेला पिठ्या उठून भुंकायला लागला आणि थांबेना, तेव्हा लोक आले. स्वतःच्या दवाखान्यासाठी तू कुणाला एक पैसा खर्च करू दिला नाहीस. पिठ्याच्या पायी जे काही केलंस त्याची अशी भरपाई करून टाकलीस की काय, असं माझ्या मनात आलंसुद्धा. हे तुला ऐकवलं असतं तर म्हणाली असतीस, "बघ, मी मेले तरी ह्याचा हिशेब चालूच हाय."

रडलो ना. चांगला मोठ्यानं रडलो, सगळ्यांसमोर. पण दहाव्याला डोकं भादरायला बसलो आणि वस्तरा हातात घेऊन कोण आला, तर आपला बंडू न्हावी. त्यानं माझं डोकं ओलं केलं आणि कानाशी वाकून म्हणाला, "हालू नको बे. तुझ्यापरीस पिठ्या बरा हुता." नदीकाठी सगळी भावकी गंभीर चेहऱ्यानं उभी आणि मी मान खाली घालून हसतोय. लोकांना वाटलं, हुंदका आवरेना. त्या दिवसापासून ठरवलं की तुझ्याशी जे बोलायचं ते असंच बोलायचं.

तर भांडणाकडं येऊ. पण आधी हे सांगायला हवं की घाटनांदुरात तू सगळ्यांचीच आत्या होतीस, माझी एकट्याची नव्हतीस. लग्न करून गेलीस आणि वर्षाच्या आत परत आलीस. का आलीस ते मला घरात कुणी सांगितलं नाही आणि तू कधी विषय काढला नाहीस. माझ्या वडिलांनी, तुझ्या दादानं, तुला रस्त्याकडच्या खोलीत गिरणी टाकून दिली. तेव्हापासून गावातलं कोणतं घर तुझ्या पिठाशिवाय जेवलं असेल? गिरणीचे दगड गुळगुळीत झाले की छिन्नीनं त्यांना टाकी तू स्वतः लावायचीस, डोळ्याला जुना चष्मा बांधून. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाहीस.

आणि कार्यांना जायचीस. लग्न, बारसं, जावळ, साखरपुडा, कुणाची वास्तुशांत, काहीही असो. अंगावरचं पीठ झटकून, ती एक मोरपंखी साडी नेसून, हातात आहेराची पिशवी घेऊन तू पंगतीच्या आधी हजर. कुणाला पातळ, कुणाला टॉवेल-टोपी, लेकराला झबलं. न चुकता. तुझ्या दारात मात्र कधी मांडव पडला नाही. लेकरू नाही म्हणून बारसं नाही, जावळ नाही, लग्न नाही. खोली दादानं बांधलेली, म्हणून वास्तुशांतही नाही. आहेर सगळा एका दिशेनं जात राहिला. हे मी इतकी वर्षं बघत होतो आणि त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

पिठ्याला आणलं ते कौसाबाईनं. आपल्या मागच्या गल्लीतली, दरवर्षी दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर येते, ती. एका साली येताना तिच्या पिशवीत भांड्यांबरोबर हे काळंकुट्ट पिल्लू होतं. फडात सापडलं, आई कुठं दिसली नाही, म्हणून घेऊन आली. दळण टाकायला आली आणि पिशवी तुझ्याजवळ ठेवून भाजी घ्यायला गेली. परत येईपर्यंत पिल्लू गिरणीखाली जाऊन झोपलं होतं, मोटर चालू असताना. तू म्हणालीस, "ह्याला आवाजाचं काय बी न्हाई. ह्यो हितलाच हाय." कौसाबाई म्हणाली, "ऱ्हाऊंद्या मग." झालं. सकाळी काळा असायचा, दुपारपर्यंत पांढरा व्हायचा. संध्याकाळी तू फडक्यानं झटकलास की परत काळा. पिठ्या हे नाव कुणी ठेवलं असंही नाही, ते त्याच्या अंगावरच होतं.

आता मुतखड्याचं. दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. पिठ्या खांबाशी जायचा, पाय वर करायचा आणि तसाच उभा राहायचा. काही व्हायचं नाही. मग कण्हत परत यायचा. गिरणीवर दळणाला आलेल्या प्रत्येकानं इलाज सांगितला, कारण मुतखडा हा आपल्याकडं प्रत्येकाच्या घरात होऊन गेलेला. कुणी पानफुटीची पानं आणली. कुणी हुलग्याचं पाणी सांगितलं. एक म्हातारबा तर स्वतःची उरलेली औषधाची बाटली घेऊन आले. तू सगळं केलंस, बाटली सोडून. पिठ्याचं पोट फुगत गेलं.

मग आपण त्याला गुरांच्या दवाखान्यात नेलं, माझ्या मोटारसायकलवर, मध्ये पिठ्या आणि मागं तू. डॉक्टर चांगले निघाले. नळी घालून त्याला मोकळं केलं आणि पिठ्यानं टेबलावर जे केलं ते बघून तू हात जोडलेस. पण डॉक्टर म्हणाले, "आत्ता मोकळं झालंय, पण खडे आत आहेत. पुन्हा अडणार. ऑपरेशनच करावं लागेल आणि ते इथं होत नाही. माझ्याकडं गाई-म्हशींचं सगळं आहे, कुत्र्याला भूल द्यायची सोय नाही. लातूरला न्या. फार थांबू नका. आणि खर्चाची तयारी ठेवा."

तयारी किती ठेवायची ते लातूरला फोन करून मी विचारलं. सोनोग्राफी वेगळी, भूल वेगळी, ऑपरेशन, टाके, औषधं, जायला-यायला जीप, आणि पुढं जन्मभर पथ्याचं खाणं, जे पिशवीत येतं आणि ज्याचा भाव ऐकून मी फोनवरच "काय?" म्हणालो. एवढ्यात करडासकट दुभती शेळी आली असती आणि वर काही उरलं असतं.

आपलं भांडण इथं सुरू झालं. मी म्हणालो, "आत्या, माणसाला दवाखान्यात सरकारी कार्ड चालतं. म्हशीला विमा असतो. कुत्र्याला काय असतं?" तू लगेच सरसावून बसलीस. "तू म्हशीचा इमा करतूस ना? कानाला बिल्ला मारतेत त्यो? मग मार ह्याच्या कानाला. काळा तर हायच. रेडकू म्हणून लिव की." मी म्हणालो, माझं लायसन जाईल. तू म्हणालीस, "मग काय कामाचं हाय तुजं लायसन?"

मी सांगत होतो ते चुकीचं नव्हतं, आजही नाही. आपल्या गावात बाया दुखणी अंगावर काढतात. तू स्वतः गुडघा धरून पायरी चढायचीस आणि दवाखान्याचं नाव काढलं की चिडायचीस. मी म्हणालो, बैलाचा इलाज केला तर बैल औताला येतो, म्हशीचा केला तर म्हैस दूध देते. कुत्र्यावर एवढं घालून हाती काय येणार? त्यावर तू जे बोललीस ते मी तेव्हा वाद म्हणून ऐकलं आणि आता रोज ऐकतो. म्हणालीस, "कामाला यावं म्हणून करतेत ती दुरुस्ती. मी बी गिरणीचा पट्टा बदलते की. ती दुरुस्तीच. इलाज येगळा. ज्याच्याकडून काय बी घ्यायचं न्हाई त्याचा करतेत त्यो इलाज." मी तोंड उघडलं, आणि तू खटका वर केलास.

दुसऱ्या दिवशी मी जरा नरमलो. म्हणालो, ठीक आहे, मी देतो. मनापासून म्हणालो होतो. पण तू तयार होईनास. "तू कावून देशील? माझं गावात पडलेलं हाय." मला वाटलं, उधारी राहिली असेल दळणाची. तू म्हणालीस, "उधारी न्हाई. आहेर. सगळ्या गावाला केलाय. आता माझ्या घरी कार्य हाय."

"कसलं कार्य?"

"जावळ. डॉक्टर म्हणलेत ना, ऑपरेशनला पोटाचे केस काढावे लागत्यात? मग पहिल्यांदा केस निघायलेत लेकराचे. जावळच हाय ते."

आत्या, त्या क्षणी मला शरमेनं घाम फुटला. जावळ म्हणजे लेकराचे पहिले केस काढायचे, मामाच्या मांडीवर बसवून, सगळ्या पाहुण्यारावळ्यांदेखत. कुत्र्याचं जावळ घातलं तर तालुकाभर आपल्या घराचं हसं होईल. लोक मला विमा मागणार नाहीत, फक्त पिठ्याची खुशाली विचारतील. मी म्हणालो, आहेर ही काय उसनवारी आहे? तो प्रेमानं करायचा असतो, परत मागायचा नसतो. तू म्हणालीस, "ज्यांच्या घरी कार्यं व्हतेत ते असंच म्हणतेत." तेव्हा तर तुला मोटरसुद्धा लावावी लागली नाही.

आमंत्रणं तू स्वतः दिलीस. दळणाच्या प्रत्येक डब्याबरोबर. "रविवारी पिठ्याचं जावळ हाय, या." म्हणताना हसायचीस नाही. त्यामुळं समोरच्याची पंचाईत व्हायची. हसावं का हळहळावं ते कळेना, तो नुसता "येतो की" म्हणून डबा उचलायचा. बकरं कापायचं का, असं कुणीतरी विचारलं. तू म्हणालीस, "एका जनावरापायी दुसरं कापू का?" जेवणाला शेंगोळे ठरले, हुलग्याच्या पिठाचे, लसूण-मिरची घालून. पीठ घरचं. शिवाय मुतखड्याला हुलगा चांगला, पिठ्याबरोबर गावाचंही होऊन जाईल, असं तुझं म्हणणं.

राहिला मामा. तिथं मी शेवटचा प्रयत्न केला. म्हणालो, पिठ्या तुझा लेक धरला तर त्याचा मामा म्हणजे तुझा भाऊ, म्हणजे माझे वडील. ते आता नाहीत. मी त्याचा मामेभाऊ लागतो, मला मांडीवर घेता येत नाही. मला वाटलं, मुद्दा बिनतोड आहे. पण दळणाला बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी तो तिथंच निकालात काढला. "मामा नसला की मामाचा पोरगा बसतू. आमच्यात असंच हाय." तू म्हणालीस, "ऐकलं का? नवी टोपी आण."

रविवारी सकाळी मांडव उभा राहिला. तुझ्या दारातला पहिला. चार बांबू आणि वर एक ताडपत्री, पण तू त्याला आंब्याचा डहाळा बांधून घेतलास. मोरपंखी साडी नेसून गिरणीच्या दारात उभी राहिलीस. शेंगोळ्यांचं पातेलं रटरटत होतं. बंडू आला, त्यानं केस कापायचं मशीन पुसून ठेवलं. मी नवी टोपी घालून पाटावर बसलो.

आणि कुणी येईना.

ऊन चढत गेलं. रस्त्यानं लोक जात होते, मांडवाकडं बघत होते, पुढं जात होते. समोरच्या दुकानात दोघं-तिघं उभे राहून हसत होते, ते मला दिसत होतं, म्हणजे तुलाही दिसत असणार. तू हलली नाहीस. फक्त पदर पुन्हा पुन्हा नीट करत होतीस. पैशाचं सोड, आत्या. पैसे मी देणारच होतो. पण त्या दिवशी कुणी आलं नसतं तर तुझ्या इतक्या वर्षांच्या जाण्यावर पाणी पडलं असतं, हे मला पाटावर बसल्या बसल्या समजलं. मी मनातल्या मनात एकेकाला शिव्या घालत होतो. ह्याच्या लेकीच्या लग्नात आत्यानं पातळ नेलं होतं, आणि हा हसतोय.

पहिली आली ती कौसाबाई. नवरा, सासू, सगळं घर घेऊन. मागच्या गल्लीतून वाजतगाजत नव्हे, पण तशाच थाटात. तिनं हातातली कॅरीबॅग उघडली आणि आतून निघालं झबलं आणि टोपडं. लाल, वर पिवळ्या लोकरीचा गोंडा. "माहेर आमच्या फडातलं हाय लेकराचं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमी न्हाई आणायचं तर कुणी आणायचं?" तिनं पिठ्याच्या डोक्यावर टोपडं बांधलं. पिठ्यानं आधी मागं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि मग जांभई दिली. दुकानासमोर हसणारे आता उघड हसत होते, पण हसत हसत इकडंच येत होते. कारण टोपडं घातलेलं कुत्रं जवळून बघायचं होतं. जवळ आले आणि तुझ्या समोर सापडले. तू म्हणालीस, "या, बसा." झालं, मग बसणं भाग होतं.

त्यानंतर रीघ लागली. आपल्या भावकीतले अण्णा पांढऱ्या गाडीतून उतरले तेव्हा मांडव एकदम सावरून बसला. त्यांच्या घरच्या कोणत्या कार्याला तू नव्हतीस? त्यांनी पिठ्याला न्याहाळलं, मला न्याहाळलं आणि म्हणाले, "दिग्या, मामा शोभतूस बे." आणि खिशातून पाकीट काढून तुझ्या हातात दिलं. आहेर लिहून घ्यायला मी एका पोराला वही देऊन बसवणार होतो, तर तू म्हणालीस, "लिवायचं न्हाई. ज्यानं त्यानं आपलं आठवावं." पाकिटं, खण, नारळ, एकानं तर बिस्किटांचा पुडा, सगळं एका सुपात पडत गेलं. तू प्रत्येकाला कुंकू-टिळा लावत होतीस आणि "जेवल्याबिगर जायचं न्हाई" म्हणत होतीस. हे वाक्य तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात ऐकलं होतंस. तुझ्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं.

मग पिठ्याला माझ्या मांडीवर दिलं. केवढा जड, आणि अंगाला ताज्या पिठाचा वास. मी त्याला पाठीवर झोपवून धरलं, बायांनी अक्षता टाकल्या, बंडूनं मशीन लावलं. मला वाटलं, आता चावणार. पिठ्या हूं की चूं नाही. मोटरशेजारी वाढलेला जीव, त्याला मशीनच्या त्या घरघरीचं काय! डोळे मिटून पडला आणि काळे केस माझ्या नव्या पँटवर उतरत गेले. खाली गुलाबी पोट निघालं. एक म्हातारी त्याला हळद लावत म्हणाली, "आगं बया, गोरा हाय की!" आणि सगळा मांडव हसला. तू सगळ्यात जास्त हसलीस, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी तुला कधीच तसं हसताना पाहिलं नव्हतं, आणि हे मी तुला त्या वेळी सांगितलं नाही. नंतरही राहिलंच.

लातूरच्या डॉक्टरांनी पोट बघून विचारलं, "हे कुणी केलं?" तू म्हणालीस, "न्हाव्यानं." ते म्हणाले, "छान केलंय. पण ही हळद कशाला?" मग मालकाचं नाव विचारलं. तू म्हणालीस, "मालक कुणी न्हाई साहेब. गिरणी माझी हाय. ह्यो तिथं राहायला हाय." ऑपरेशन चालू असताना तू बाहेर बाकावर बसून बोटांनी पदराची घडी घालत होतीस आणि उलगडत होतीस. मी दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा तसाच निवला. डॉक्टर बाहेर आले, हातात काचेची छोटी बाटली, आत हरभऱ्याएवढे खडे. "झालं," म्हणाले. तू उठायला गेलीस आणि तुझा गुडघा धरला. मी हात दिला. तू माझा हात धरून उभी राहिलीस आणि मग बराच वेळ सोडलाच नाहीस.

ती बाटली तू गिरणीत देवाच्या फोटोखाली ठेवलीस. दळणाला येईल त्याला दाखवायचीस. बघणारा बिचारा मान डोलवायचा आणि घरी जाऊन पाणी जास्त प्यायचा. गावातले मुतखडे तुझ्यामुळं कमी झाले असावेत असा माझा अंदाज आहे.

भांडण मात्र संपलं नाही. दरवर्षी लातूरची तपासणी आली, पथ्याची पिशवी संपली, की मी म्हणायचो, हा खर्च तू आहेस तोवर ठीक आहे, तुझ्यामागं कोण करणार? दरवर्षी तू माझ्याकडं थोडा वेळ बघायचीस, काहीतरी बोलायला लागल्यासारखी, आणि खटका वर करायचीस. मला वाटायचं, उत्तर नाही म्हणून मोटर लावते.

तेरावा तुझ्याच दारात घातला, जावळाला बांबू रोवले होते त्याच खड्ड्यांत बांबू रोवून. सगळं गाव आलं होतं. तू गेलीस तेव्हापासून गिरणी बंद होती आणि पिठ्या तिच्याखाली जाऊन पडला होता. टाकलेलं थोडंफार खायचा, बाहेर यायचा नाही. अंगावर पीठ नव्हतं. इतके दिवस नुसता काळा. मला तो ओळखूच यायचा नाही.

जेवणं झाली आणि अण्णांनी मला जवळ बोलावलं. "दिग्या, गिरणीचं बघू सावकाश. पण ह्या कुत्र्याचं काय करायचं बे? ते पथ्याचं खाणं, दर साल लातूर. बाईचा जीव हुता, बाईनं केलं. तुला लेकरंबाळं हायेत. शेतात नेऊन सोड, राखण तरी करील. हाती काय येणार हाय त्याच्यातून?" एकेक मुद्दा माझा होता, आत्या. वर्षानुवर्षं मीच तुला ऐकवलेला, जवळजवळ त्याच शब्दांत. अण्णांच्या तोंडून ऐकायलाही तो तितकाच बरोबर वाटत होता. चार-पाच जण माझ्या तोंडाकडं बघत होते.

तेवढ्यात कौसाबाई आली. साखर कारखान्यावर ऊसतोडीला असताना तिला कळलं होतं आणि त्यांचा ट्रॅक्टर सकाळीच गावात पोचला होता. अंगावर अजून प्रवासाची धूळ. एका हातात ज्वारीचा डबा आणि दुसऱ्या हातात कॅरीबॅग. कुणाशी बोलली नाही, सरळ गिरणीपाशी वाकली. "लेकरू कुठाय?" पिठ्यानं डोकं वर केलं. तिनं पिशवीतून नवाकोरा टॉवेल काढला, घडी मोडली आणि त्याच्या पाठीवर पांघरला. दुखवट्याचा टॉवेल, माहेरचा. माणसाला आणतात तसा. मांडवात कुणी हसलं नाही. मग ती माझ्याकडं वळली, पिशवीतून टोपी काढली आणि माझ्या भादरलेल्या डोक्यावर ठेवली. म्हणाली, "मामाला टोपी."

तेव्हा मला कळलं की मांडीवर बसायला तू मलाच का लावलं होतंस. त्या दिवशी बसायला गावात माणसांची काही कमी नव्हती.

"मग काय ठरलं बे?" अण्णांनी विचारलं. कौसाबाईनं ज्वारीचा डबा पुढं केला. "आधी एवढं दळून दे बाबा. घरात पिठाचा कण न्हाई." मी डबा घेतला, गिरणीत ज्वारी ओतली आणि खटका वर केला. मोटर धडधडली. अण्णांचे ओठ हलत होते, हात हलत होते. मी त्यांच्याकडं बघून मान हलवत होतो, जणू सगळं ऐकू येतंय.

पिठ्या बाहेर आला, टॉवेल ओढत. नेहमीच्या जागी, पीठ पडतं त्या तोंडाशी बसला. गावात गिरणीचा आवाज पोचला तशी घराघरांतून दळणं यायला लागली. दिवस मावळेपर्यंत तो पांढरा झाला होता.